वर्ध्याहून बोटीनं गोव्याला

हिंगणघाटात वणेला पूर आला की लोक पुलावर जाऊन उभे राहायचे आणि पाणी बघून घरी परत यायचे. मोठ्या पाण्याशी आमचा संबंध एवढाच. अशा गावातून मी कित्येक वर्षं माणसं गोळा करून समुद्रावर नेली, हे सांगितलं की ऐकणारा आजही आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग विचारतो, "तुम्ही? बोटीनं?"

हो, मीच. माझ्या मोठ्या भावाचं, दत्तूभाऊचं, कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची यात्रा कंपनी होती. कंपनी म्हणजे एक टेबल, दोन आचारी आणि भांड्यांची चार पोती. काशी, रामेश्वर, द्वारका अशा यात्रा तो काढायचा. यात्रेत बायका जास्त, आणि बायकांना कुणीतरी बाईच सोबत हवी असे. माझं लग्न जमलं नव्हतं. त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. पण घरात बसून राहण्याचा मला कंटाळा होता, म्हणून मी आधी स्वयंपाकावर देखरेख करायला म्हणून गेले आणि दोन-तीन वर्षांत सगळी यात्राच माझ्या हाती आली. दत्तूभाऊला प्रवास सोसायचा नाही. तो दुकानात बसून गिऱ्हाईक जमवायचा, मी ते फिरवून आणायचे.

बोटीची कल्पना माझी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत एका धर्मशाळेत आम्ही उतरलो असताना शेजारच्या खोलीत कोकणातली मंडळी होती. ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं घरी जाणार होती. मी त्यांना पोचवायला म्हणून धक्क्यापर्यंत गेले, आणि ती पांढरी बोट बघून तिथेच ठरवलं की आपली माणसं हिच्यात बसवायची. वर्ध्याहून रेल्वेनं मुंबई, मुंबई पाहायची, मग बोटीनं गोवा, आणि बोटीनंच परत.

दत्तूभाऊ म्हणाला, "बुडाली म्हणजे?"

मी म्हटलं, "रेल्वे घसरत नाही काय?"

"घसरली तर माणूस जमिनीवर पडतो," तो म्हणाला. मग बऱ्याच वादानंतर कबूल झाला, पण अट घालून: काही वेडंवाकडं झालं तर बोट कायमची बंद, आणि माझं फिरणंही बंद.

आता मोठमोठ्या बोटींच्या सहली निघतात. पोहण्याचे तलाव, नाचगाणी, काय काय असतं. माझ्या भाच्याची सून मला फोटो दाखवते आणि विचारते, आत्या, तुम्ही गेला असतात तर कोणती घेतली असती? मला त्या बोटींमधलं काही कळत नाही. पण बोटीत माणूस सुखानं कसा राहतो हे मला थोडं कळतं, आणि ते लहान बोटीला लागू असेल तर मोठीलाही असणार.

पहिली गोष्ट, वेळ निवडायची. पावसाळ्यात गोव्याची बोट बंदच असायची, पण ती सुरू झाली की लगेच पळायचं नाही. आमच्याकडे कापूस घरात आला, तूर निघाली, संक्रांत झाली की माणसाचं डोकं मोकळं होतं. तेव्हाच समुद्रही शांत असतो. डोक्यात काम घेऊन बोटीवर आलेला माणूस पहिल्या तासातच विचारतो, कधी पोचणार? रेल्वेत हा प्रश्न चालतो. बोटीवर ज्यानं तो विचारला त्याची सहल फुकट गेली. बोटीचा प्रवास हाच मुक्काम समजायचा.

दुसरी गोष्ट जागेची. हिंगणघाटचे एक अडते आमच्यासोबत आले होते. मोठा माणूस, अंगठ्या घातलेला. ते म्हणाले, "मी काय सतरंजीवर लोळू? मला केबिन पाहिजे." घेतली. बाकी आम्ही सगळे डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या पाटावर, सतरंज्या टाकून. बोट मुंबईचं बंदर सोडून बाहेर आली आणि थोडी डुलायला लागली. केबिन बंद, वारा नाही, खिडकीतून एकदा पाणी दिसतं एकदा आकाश. अडते तोंडाला रुमाल लावून वर आले आणि आमच्या सतरंजीवर आडवे झाले. त्यांच्या केबिनमध्ये शेवटपर्यंत आमची भांडी राहिली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दिमाख करायचा तर घरी करा. बोटीवर मधली जागा धरा, जिथे डुलणं कमी असतं. मोकळा वारा घ्या. मळमळलं की लांबच्या किनाऱ्याच्या रेघेकडे बघा, पायाखालच्या पाण्याकडे नाही.

आणि खाणं. एसटी लागते तशी बोटही लागते, आणि बोट लागेल म्हणून लोक उपाशी बसतात. रिकाम्या पोटी ती जास्त लागते. पहिल्या वर्षी आमच्या आचाऱ्यानं प्रेमानं वांग्याची भाजी केली, वर बोटभर तर्री. त्या दुपारचं वर्णन करत नाही. दुसऱ्या वर्षापासून कोरडी भाकरी, भाजलेलं काहीतरी, लिंबाचं लोणचं आणि आवळासुपारी. त्यानंतर आमच्या लोकांना क्वचितच त्रास झाला.

राहिली एक गोष्ट, सोबतीची. नवरा-बायकोनं बोटीवर चढल्या चढल्या भांडू नये. रेल्वेत भांडण झालं तर एकानं दारापाशी जाऊन उभं राहावं, घरी झालं तर वावरात निघून जावं. बोटीवर जायला जागा नसते. हे मी कशावरून सांगते, ते आंजीच्या काका-काकूंच्या गोष्टीवरून.

वर्ध्याजवळच्या मोठी आंजी या गावचे गुलाबराव काकाजी आणि सुभद्राकाकू. साठीच्या आसपासचं जोडपं, घरची शेती, मुलं हाताशी आलेली. काकाजींना समुद्र बघायची फार हौस. काकूंना अजिबात नव्हती. काकूंनी उभ्या आयुष्यात वर्ध्याचा बाजार आणि दोन-चार लग्नाची गावं एवढंच पाहिलेलं. मुंबईत त्यांनी कशाचंच कौतुक केलं नाही. भाऊच्या धक्क्यावर मात्र पाय आखडून उभ्या राहिल्या.

"ताई, हे हालून राह्यलं," त्या मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, थोडं हालतंच. मी आहे ना सोबत."

हाताला धरून चढवलं. डेकवर मधोमध जागा धरून दिली. त्यांच्या शेजारी चंपाबाईंची सतरंजी. चंपाबाई हिंगणघाटच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या बायको, अंगानं भरलेल्या, तोंडानं मोकळ्या, आणि आमच्या बोटीवर दुसऱ्यांदा आलेल्या. त्यामुळे मी निश्चिंत होते.

दुपारी काकूंना बोट लागली. फार नाही, पण घाबरल्या. चप्पल काढून, डोळे मिटून बसल्या आणि काकाजींना म्हणत राहिल्या, "कायले आनलं मले अथी? मले घरी नेऊन द्या. मले नाई पाह्यचा समुद्र."

काकाजींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्यांचाही तोल गेला. एवढ्या हौसेनं आलेला माणूस. ते म्हणाले, "घरी जायचं असन त मार उडी, अन् जाय पोहत."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आमच्याकडे नवरे असं बोलतात आणि बायका तसं ऐकतात. कुणी मनावर घेतलं नाही. काकू त्यांच्याकडे पाठ करून आडव्या झाल्या. काकाजी उठून पलीकडच्या बाजूला गेले. तिथे पुरुषमंडळींचं भजन चाललं होतं, त्यात जाऊन बसले.

ही बोट वाटेत कोकणातल्या काही बंदरांपाशी थांबायची. थांबायची म्हणजे किनाऱ्याला लागायची नाही, आत समुद्रातच उभी राहायची. गावातून मोठ्या होड्या यायच्या, त्यांना तिकडे पडाव म्हणतात. बोटीच्या अंगाला शिडी लावायची, लोक सामानासकट शिडीवरून पडावात उतरायचे आणि पडाव त्यांना गावात न्यायचा. दिवेलागणीला अशाच एका बंदरापाशी बोट थांबली. एकच गलबला झाला. बाजूची कोकणी मंडळी ट्रंका, गाठोडी, पोरं घेऊन उठली. पडाव आले, भरले, गेले. बोट पुन्हा चालू लागली, आणि आचाऱ्यानं जेवणाची पानं मांडायला घेतली.

जेवताना माणसं मोजायची माझी सवय. एक माणूस कमी भरलं. पुन्हा मोजलं. काकूंच्या सतरंजीवर काकू नव्हत्या. त्यांच्या चपला मात्र तिथेच होत्या.

मी आधी बायकांच्या न्हाणीघराकडे गेले. मग वरच्या डेकवर. मग केबिनींच्या ओळीत, जिथे काकू जाणं शक्यच नव्हतं. चंपाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी डोळा लावला होता ताई. उठली तेव्हा जागा रिकामी. मले वाटलं काकाजीपाशी गेली." मग नाइलाजानं भजनाकडे गेले आणि काकाजींच्या कानात सांगितलं.

ते आले. सतरंजीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, आणि खालीच बसले.

"म्याच म्हन्लं तिले," ते म्हणाले. "मार उडी म्हून, म्याच म्हन्लं."

त्यांनी त्या चपला उचलून मांडीवर घेतल्या. मी त्या माणसाला नंतर पुष्कळदा भेटले, पण त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. माझ्या डोक्यात आंजीचं त्यांचं घर, मुलं, सुना, मी त्यांना काय सांगणार, आणि दुकानात बसलेला दत्तूभाऊ, सगळं एकदम आलं. पण सोबत चाळीसेक माणसं होती आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बोटीवरच्या अधिकाऱ्याकडे गेले.

तो पोक्त माणूस होता, रत्नागिरीकडचा. त्यानं मला आधी स्टुलावर बसवलं. म्हणाला, "बाई, एक लक्षात घ्या. डेकवर पाय ठेवायला जागा नाही एवढी माणसं आहेत. कठड्यावरून माणूस पडला तर कुणाच्या तरी नजरेला पडतंच. ओरडा होतो. तसा ओरडा झालेला नाही." मग त्यानं बंदरापाशी शिडीवर उभा राहिलेल्या खलाशाला बोलावलं. खलाशी म्हणाला, म्हाताऱ्या बायका बऱ्याच उतरल्या, त्यातल्या एकीला त्यानं दंडाला धरून पडावात सोडलं होतं. नऊवारी लुगडं होतं, हातात गाठोडं होतं. पायात काय होतं ते पाहिलं नाही.

मी हे येऊन काकाजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "नाई ताई. बुढी पान्याच्या भेवानं डोळे उघडून नोती राह्यली. थे त्या डोंग्यात काऊन उतरन? अन् मले सोडून?"

हे खरंच होतं. ज्या बाईनं सकाळपासून पाण्याकडे पाहिलं नाही ती अंधारात शिडीवरून होडीत उतरेल, हे मलाही पटत नव्हतं. तेवढ्यात चंपाबाई गुडघ्यांवर बसून सतरंज्या उचकटायला लागल्या.

"काय शोधता?" मी विचारलं.

"शिदोरी," त्या म्हणाल्या. "काकू घरून भाकरी अन् जवसाची चटनी घेऊन आली होती. गाठोडं होतं पिवळं. दुपारी इथंच होतं, उशाशी."

सगळ्यांनी मिळून शोधलं. गाठोडं कुठेच नव्हतं.

चंपाबाई काकाजींच्या समोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, आयका माझं. उडी मारनारी बाई शिदोरी घेऊन जाते काय?"

काकाजींनी वर पाहिलं. मग म्हणाले, "नाई नेत."

त्या एका वाक्यावर आम्ही सकाळपर्यंत तग धरला. अधिकाऱ्यानं त्या बंदराला बिनतारी संदेश पाठवला आणि सांगितलं, उत्तर आलंच तर पणजीला येईल. त्या रात्रीविषयी लिहिण्यासारखं काही नाही. भजनवाले आपणहून काकाजींभोवती बसून राहिले.

सकाळी बोट मांडवी नदीत शिरली. दोन्ही तीरांवर माड, पाणी आरशासारखं. आमच्या लोकांनी त्यासाठी एवढा प्रवास केला होता, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. धक्क्याला बोट लागायच्या आधीच खाली एक कारकून कागद हातात धरून उभा दिसला. मी सगळ्यांच्या पुढे घुसून उतरले. त्यानं विचारलं, "वर्ध्याची पार्टी?" आणि कागद वाचून दाखवला. वृद्ध बाई सुखरूप आहे, सकाळच्या एसटीनं पणजीला पाठवत आहोत.

मी मागे वळून हात वर केला. काकाजी कठड्यापाशी उभे होते. त्यांना तेवढ्यानं कळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंड पुसलं आणि पुन्हा घातली. चंपाबाई मात्र हुंदके देऊन रडल्या. रात्रभर सगळ्यांना धीर देणारी बाई, धक्क्यावर फतकल मारून रडली. मग उठून म्हणाली, "आता मले चहा पाहिजे."

दुपारी आम्ही स्टँडवर जाऊन थांबलो. काकाजींनी काही खाल्लं नव्हतं. एसटी आली. आधी एक गृहस्थ उतरले, त्यांनी हात दिला आणि सुभद्राकाकू उतरल्या. पायात कुणाच्या तरी चपला, एका हातात ते पिवळं गाठोडं, दुसऱ्या हातात शेंडी बांधलेले चार नारळ. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ काकाजींपाशी आल्या आणि म्हणाल्या, "जेवले काय?"

चंपाबाईंनीच उत्तर दिलं, "कालपासून नाई जेवले."

काकूंनी तिथेच बाकावर गाठोडं सोडलं. भाकरी वाळून कडक झाली होती. काकाजींनी ती खाल्ली.

मग सगळी हकिकत कळली. बोट थांबली, गलबला झाला, काकू दचकून उठल्या. सगळे सामान घेऊन निघालेले बघून त्यांना वाटलं गोवा आला. चंपाबाई झोपलेल्या. काकूंनी नवरा कुठे दिसतो म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर शिडीपाशी पाठमोरा एक माणूस: धोतर, काळा कोट, पांढरी टोपी.

"मले वाटलं बुढा रागात हाय. मले घेतल्याबिगर पुढंच चालला," काकू सांगत होत्या. "म्हन्लं जाऊ देल्ला त परक्या गावात हा मानूस हरवन. म्हून शिदोरी घेतली अन् गेली मांगून. चपला घालाले टाइम नोता."

"पाण्याचं भेव नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पन थो पुढं गेला होता."

पडाव सुटल्यावर त्यांनी त्या माणसाचा कोट मागून ओढला. माणूस वळला. ते काकाजी नव्हते. काकू तिथे ओरडल्या असणार, पण त्यांनी ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भला मानूस होता. पडाव मांगं फिरत नोता, तं घरी घेऊन गेला." तो भला माणूस म्हणजे सोबत आलेले गृहस्थच. ते आणि काकाजी स्टँडवर पाठीला पाठ लावून उभे राहिले तेव्हा चंपाबाई म्हणाल्या, मागून तर मीसुद्धा फसली असती.

त्या गृहस्थांची बायको मालवणी बोलणारी. तिनं काकूंना विचारलं, "आजये, खंय जावचा?" तिकडे खंय म्हणजे कुठे. काकूंना ऐकू आलं, खाय.

"मी म्हन्लं, बाई, मले भूक नाई. थे पुन्हा म्हने, खंय? मी म्हन्लं नाई वो. थे पुन्हा खंय. म्हन्लं बापा, हे लोक जेवल्याबिगर सोडत नाई. मंग बसली जेवाले. कुळथाचं चून होतं, पिठलं म्हन्तेत थे. आपल्यावानीच करते, खोबरं टाकते वरून."

सगळे हसले. काकाजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

गोव्यात आम्ही तीन-चार दिवस राहिलो. देवळं पाहिली, चर्च पाहिली, किनाऱ्यावर बायका लुगडी वर खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. परतीच्या आदल्या दिवशी काकाजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, आमाले दोघाले लाल गाडीनं पाठवून द्या. बोट नोको."

मी हो म्हणणार होते. मलाही तेच सुटसुटीत वाटत होतं. पण मागून काकू आल्या.

"मी नाई येत लाल गाडीनं," त्या म्हणाल्या. "येताना डोळेच उघडले नाई, अन् मंग अर्ध्यातच उतरली. समुद्र कोन पाहीन?"

"तुले त भेव लागे ना," काकाजी म्हणाले.

"लागे. आता नाई लागत. डोंग्यात बसून आली मी, अंधारात."

बोटीनंच निघालो. काकू सकाळपासून कठड्याशी बसल्या. मी त्यांना किनाऱ्याच्या रेघेकडे बघा म्हणून सांगायला गेले तर त्या खाली, पाण्याकडेच बघत होत्या, आणि त्यांना काही होत नव्हतं. काकाजी त्यांच्या मागे बसले होते. त्यांनी काकूंच्या पदराचं टोक आपल्या मुठीला दोनदा गुंडाळून घेतलं होतं. दिवसभर सोडलं नाही. चंपाबाईंनी मला कोपरानं ढोसून ते दाखवलं.

त्या बंदरापाशी बोट दिवसाउजेडी थांबली. पहिल्याच पडावात त्या गृहस्थांची बायको उभी होती. ती कुठे जाणार नव्हती, फक्त भेटायला आली होती. ती खालून बोलत होती, काकू वरून बोलत होत्या. एकीची मालवणी, एकीची वऱ्हाडी, दोघी एकदमच, आणि कुणाला कुणाचं काही कळत नसावं. पण दोघींनी सगळं बोलून घेतलं. पडाव दूर गेला तरी काकूंचं संपलं नव्हतं.

हिंगणघाटला आल्यावर मी दत्तूभाऊला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, चंपाबाईंनी गावभर सांगितलंच असतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बंद." मी वाद घातला नाही. माणूस जिवंत परत आलं होतं. त्या आनंदापुढे मला बाकी काही मागावंसं वाटत नव्हतं.

होळीच्या सुमारास गुलाबराव काकाजी दुकानात आले. दत्तूभाऊनं मला आतून बोलावून घेतलं. त्याला वाटलं, भांडायला आले. काकाजी पाणी प्यायले, त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "भाऊ, बुढी गावात काय काय सांगून राह्यली. आमच्या आळीतले पाच-सहा जन म्हन्तेत का आमालेबी बोटीत जायचं हाय. बुढीबी येतो म्हन्ते."

दत्तूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"पन एक सांगतो," काकाजी म्हणाले. "या खेपेले मधात कुठंच थांबत नाई, अशी बोट पाहा."

अशी बोट होती. मद्रासहून अंदमानला जाणारी. समुद्रात शिरली की थेट पलीकडे, वाटेत बंदर नाही, पडाव नाही, दोन-तीन दिवस जमीन दिसत नाही. दत्तूभाऊला पटवायला मला आणखी एक वर्ष लागलं, पण तो पटला. पुढे ऐंशीच्या दशकात आमची तीच सहल सगळ्यात जास्त चालली. गोव्याची जुनी बोट नंतर बंद पडली, त्याची मात्र मला हळहळ आहे. तशी हातानं शिवता येईल इतकी जवळची बोट पुन्हा मिळाली नाही.

अंदमानच्या त्या पहिल्या फेरीत निघाल्यानंतरची दुपार. चारी बाजूला नुसतं निळं पाणी. मी आमची माणसं बघत फिरत होते. काकाजी सावलीत सतरंजीवर उताणे झोपले होते, तोंड उघडं, चांगले घोरत होते. काकू शेजारी बसून समुद्र बघत होत्या. चहा आला होता म्हणून मी काकाजींना हाक मारायला वाकले. काकूंनी माझा हात धरला.

"झोपू द्या त्याइले, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "गोव्याहून आल्यापासून रोज रातच्याले उठते, अन् मी हावो का नाई थे चाचपून पाह्यते."